जोवर ते बोलतंय तोवर

माझ्या भावाच्या निवदाला कावळा शिवत नव्हता.

पंचगंगेच्या काठावर, तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावरची गोष्ट. आमच्याकडं रक्षाविसर्जनाला अख्खी भावकी जमते. घराघरातून निवद येतो, गेलेल्याला जे जे आवडायचं ते पानावर मांडतात आणि सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला की जीव सुटला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागं राहिलंय असं धरायचं, आणि ते काय असेल ते ओळखून कुणीतरी मोठ्यानं शब्द द्यायचा. हे खरं की खोटं ते मला विचारू नका. मी चांगली कॉलेजात जाणारी मुलगी होते, तरी त्या दिवशी सगळ्यांबरोबर मीही श्वास धरून उभी होते.

पानावर चहाचा कप होता, भडंग होतं, आईनं पहाटे उठून केलेल्या पोळ्या होत्या. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पिंपळावर ओळीनं बसले होते आणि पानाकडं ढुंकून बघत नव्हते. आधी आबा पुढं झाले. आबा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात फौंड्रीत काम, भट्टीच्या आवाजात जन्म गेलेला, त्यामुळं घरातही ओरडूनच बोलायचे. त्या दिवशी त्यांच्या तोंडून आवाज फुटेना. "तुझ्या आईला अंतर देणार न्हाय, बाळा," एवढं कसंबसं म्हणाले. कावळा हलला नाही. मग आत्ती, आबांची थोरली बहीण, पुढं आली. "तुझ्या बहिणीचं लगीन थाटात करतो रं. काळजी करू नगोस." कावळा हलला नाही. ऊन चढलं. माणसं या पायावरून त्या पायावर होऊ लागली. आई पानाकडं बघत होती आणि तिच्या तोंडाकडं मला बघवेना.

त्याचं काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं, पण ती ते तोंडातून काढणार नव्हती. मी पुढं गेले आणि म्हणाले, "दादा, ते मी ऐकतो. जोवर ते बोलतंय तोवर मी ऐकतो." आमच्या कोल्हापुरात बायकाही येतो-जातोच म्हणतात. माझं वाक्य पुरं होतंय तोवर एक कावळा खाली आला आणि त्यानं भडंगात चोच घातली. माणसं हळहळली, मग सुटल्यासारखी घाटाकडं वळली. आईनं माझा हात असा धरला की तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या.

शब्द देताना त्याला मुदत घालावी, एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

'ते' म्हणजे एक उपग्रह. साठीच्या दशकातले दिवस. माणसानं आभाळात यंत्रं सोडायला नुकती कुठं सुरुवात केली होती. हा परदेशी होता, आणि त्याला नाव कमी, आकडेच जास्त होते. चंद्राकडं जाणारा वगैरे तालेवार नव्हता. त्यानं फार वर, जिथं हवा संपत येते त्याच्याही वर फिरायचं आणि एक सूर सोडत राहायचा, बस्स. तो सूर वरच्या थरांतून खाली येताना मध्येच दबायचा, मध्येच फुगायचा, आणि त्यावरून वर काय चाललंय ते खालच्यांनी ताडायचं. माझा दादा कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होता. दूरच्या एका संस्थेतल्या प्राध्यापकांनी गावोगावचे असे ऐकणारे लोक जमवले होते, त्यातला तो एक. पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यानं लष्करानं मोडीत काढलेला रिसीव्हर आणला, महिनाभर त्याचं पोट उघडून बसला, आणि मागच्या खोलीच्या पत्र्यावर दोन बांबू आणि तारा लावून एरियल उभं केलं. आत्ती म्हणायची, "ह्यो आभाळात तारा वाळत घालालाय."

हे काम एकट्याचं नव्हतं. उपग्रह राधानगरीच्या बाजूनं वर यायचा आणि जोतिबाच्या डोंगरापलीकडं उतरायचा, मध्ये दहा-बारा मिनिटं; या एका फेरीला दादा पास म्हणायचा. तेवढ्या वेळात त्याचा सूर सारखा खाली घसरायचा, म्हणून एका हातानं डायल फिरवत त्याच्यामागं जायचं, दुसऱ्या हातानं काट्याचं माप लिहायचं. घड्याळाकडं बघायला डोळा उरत नसे. म्हणून मी शेजारी बसून सेकंद मोठ्यानं म्हणायची. पाच, दहा, पंधरा. त्या वेळात कुणी दार वाजवलं तरी आम्ही उठत नसू. आई चहा घेऊन यायची आणि दारातच थांबायची.

मी एकदा त्याला विचारलं होतं, "दादा, हवा संपते तरी कुठं?"

"संपत न्हाय गं. पातळ होत जाती. किती पातळ झाल्यावर न्हाय म्हणायचं, तेवढंच ठरवायचंय."

त्याचा पाय पत्र्यावर कापला. वाऱ्यानं एरियल कललं होतं आणि ते यायची वेळ झाली होती, म्हणून हा घाईनं अनवाणी वर चढला. गंजक्या पत्र्याची कड तळव्यात घुसली. आबा म्हणाले, आधी दवाखान्यात जा, सुई घे. हा म्हणाला, पास चुकेल, मग जातो. आईनं हळद दाबली, यानं फडकं गुंडाळलं आणि हेडफोन कानाला लावला. दुसऱ्या दिवशी पाय दुखेना, म्हणून गेलाच नाही. नंतर धनुर्वात झाला. सरकारी दवाखान्यात अंधार केलेल्या खोलीत त्याला ठेवलं होतं, कारण उजेड पडला, भांडं वाजलं तरी अंग कमानीसारखं ताठायचं. जबडा बसलेला. त्याच्या दातांमधून एक बारीक कण्हणं निघायचं, वर चढायचं, खाली यायचं. आईनं ते रात्रंदिवस ऐकलं. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं. इतका हुशार माणूस आणि इतका मूर्खपणा, असं माझ्या मनात येत होतं. त्याचा मला फार राग आला होता, आणि तो राग मी नंतर खूप वर्षं पोसला.

त्या रिसीव्हरला आम्ही मशीनच म्हणायचो, आणि आईला तिचा इतका संताप होता की तिला हातही लावू नये. कावळा शिवला नसता तर तिनं ती उचलून नदीत टाकली असती. पण कावळा शिवला होता, तो माझ्या शब्दावर शिवला होता, आणि तिच्या पोराची गती आता त्या मशिनीत अडकली होती. म्हणून ती मशीन ठेवली गेली. आई तिच्यावरची धूळ पुसायची, पुसताना तोंड दुसरीकडं फिरवायची.

डायल मी धरली. आता सेकंद कोण म्हणणार? आबा फौंड्रीत. मग आईच बसली. तिला लिहायला येत नव्हतं, पण साठपर्यंत पक्कं येत होतं. घड्याळ पुढ्यात घेऊन ती पाच, दहा, पंधरा म्हणायची, आणि सूर ओसरून नुसती खरखर उरली की विचारायची, "काय म्हणाला?"

पहिल्यांदा मी समजावून सांगितलं की हा दादा नव्हे, यंत्र आहे. मग सोडून दिलं. "नेहमीचंच," मी म्हणायची. त्यावर तिचं समाधान व्हायचं. हळूहळू तिनं माझ्याकडून हेडफोन मागून घ्यायला सुरुवात केली. डोळे मिटून ऐकायची. सूर दबला की तिचाही श्वास अडायचा आणि फुगला की सुटायचा. मागच्या खोलीत दादाची कॉट तशीच होती, खुंटीला त्याचा शर्ट होता. दिवेलागणीचा पास असला की मला पाठीमागं कुणीतरी बसलंय असं वाटायचं. मी वळून बघत नसे. भुताखेतावर माझा विश्वास नाही, पण त्या खोलीत मी एकटी कधी बसले नाही.

ते कधी सकाळी यायचं, कधी जेवणाच्या वेळी, दर दिवशी वेळ सरकलेली. कुणाच्या लग्नाला गेलं तर अक्षता पडायच्या आत परत. जत्रेला नाही, मुक्कामाला नाही. मैत्रिणी विचारायच्या, "काय गं, आला का तुझा नवरा आभाळातनं?" मी हसायची. स्थळं येऊ लागली. पेठ वडगावचं एक चांगलं स्थळ होतं. बाजारपेठेत दोरखंडाचं दुकान, बैलांची दावी, कासरे, घुंगरमाळा. मुलगा शांत होता. मला तो आवडला होता, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. आईनं चहाचे कप उचलताना त्यांना सांगितलं, "पोरीचा शब्द गुंतलाय. मोकळी झाली की बगू."

आबा त्या दिवशी भडकले. "मेल्याला गती द्यायला जित्याला बांधून घालतीस व्हय?"

"मग तुमच्या शब्दाला का शिवला न्हाय कावळा?" आई म्हणाली.

आबा चपला घालून बाहेर पडले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, भांडणार कुणाशी? आत्ती येता-जाता नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणायची आणि वर मलाच विचारायची, कुठवर बोलणार आहे ते? मला काय ठाऊक! दादानं सांगितलं होतं, वर्षभर चाललं तरी डोक्यावरून पाणी. वर्ष गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. मी रोज डायल धरताना मनात म्हणायची, बंद पड. बंद पड की रे एकदाचं! कुणाला म्हणत होते, उपग्रहाला की दादाला, ते मी स्वतःला विचारलं नाही.

आणि ते खरंच बंद पडलं. एका पावसाळ्यात सूर बारीक झाला, मग कधी यायचा कधी नाही, मग नुसती खरखर. प्राध्यापकांचं पत्र आलं, की बॅटरी संपली, प्रयोग संपला, तुमच्या भावाचे आणि तुमचे आभार. मी ते आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सुटला." उठून डोक्यावरून अंघोळ केली, गल्लीतल्या पोरांना जेवू घातलं. त्या रात्री ती घोरली. कित्येक वर्षांत मी तिचं घोरणं ऐकलं नव्हतं.

वडगावचा मुलगा अजून तसाच होता. थांबला होता की दुसरं जमलं नव्हतं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. माझं लग्न झालं. सासरी दुकानाच्या मागंच घर होतं. सोमवारी बाजाराच्या दिवशी गुरांचा, माणसांचा इतका गोंधळ की कानावर हात ठेवावेत, आणि मला तो गोंधळ फार बरा वाटायचा.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. सातव्या महिन्यात मी कोल्हापूरला आले. मशीन होती तिथंच होती. आबांनी ती झाकून ठेवली नव्हती. त्यांच्या फौंड्रीत ऑइल इंजिनांचे भाग ओतले जायचे, त्यामुळं डोकं इंजिनवाल्याचं. इंजिन नुसतं ठेवलं की जाम धरतं, अधूनमधून फिरवलं पाहिजे. तसं ते सुट्टीच्या दिवशी मशीन थोडा वेळ सुरू करायचे, व्हॉल्व्ह तापवायचे, दमट हवा जावी म्हणून. एरियलही त्यांनी उतरवलं नव्हतं. त्या दुपारी मी कॉटवर आडवी झाले होते, आबा खुर्चीत पेंगत होते, हेडफोन काढून ठेवलेला, त्यामुळं मशीन स्पीकरवर मोठ्यानं खरखरत होती.

खरखरीतून सूर आला.

पण तो पूर्वीसारखा सरळ नव्हता. वर चढायचा, खाली यायचा, तुटायचा, पुन्हा वर चढायचा. आबा जागे झाले. स्वयंपाकघरातून आई आली, हात पिठाचे. ती दारातच उभी राहिली. तिघांनीही तो आवाज आधी ऐकलेला होता, अंधाऱ्या खोलीतला, दातांमधून निघणारा.

"कण्हालाय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वेळ सरकवून मी पुन्हा मशीन लावली. पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. ते तेच होतं. पोटातलं बाळ लाथा मारत होतं आणि मी त्या सुरामागं डायल फिरवत होते. मी प्राध्यापकांना लिहिलं. त्यांचं उत्तर यायच्या आत मुलगा झाला, बारसं झालं. आई नातवाला न्हाऊमाखू घालायची, तेल जिरवायची, सगळं करायची. पण ते यायची वेळ झाली की घड्याळ घेऊन बसायची, आणि मला हाक मारायची. "सुटला न्हाय अजून. तुझा शब्द हाय, बाई." मी ओली बाळंतीण, उठून जायची. शब्द मीच दिला होता, आणि तो कावळा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तिसऱ्या महिन्यात माझा नवरा न्यायला आला. आईनं त्याला पाटावर बसवलं, पोटभर वाढलं आणि सांगितलं, "पावणं, ती न्हाय येणार. अजून बोलालंय ते." तो बिचारा घास हातात घेऊन माझ्याकडं बघत राहिला. मी खाली मान घातली. आबा ताटावरून उठून गेले.

प्राध्यापकांचं पत्र त्याच दुपारी आलं. मी सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचलं. बॅटरी मेली होती ती मेलीच आहे. पण तिच्या पोटात काहीतरी तुटलं असावं, आणि आता उपग्रहावर ऊन पडलं की नुसत्या उन्हावरच तो बोलतो. सावलीत गेला की गप्प. गिरक्या खातोय, म्हणून सूर असा वरखाली होतो. मापं घेणारी यंत्रं बंद आहेत, त्या सुरात आता कळण्यासारखं काही नाही. ऐकणारी केंद्रंही बंद झाली. तो फार वर आहे, त्यामुळं आपल्या हयातीत खाली येणार नाही.

"मग कुणाला सांगालंय ते?" आईनं विचारलं.

"कुणालाच न्हाय."

चार वाजत आले होते, यायची वेळ. सवयीनं आम्ही दोघी मागच्या खोलीत गेलो. या खेपेला हेडफोन तिनं घातला, डायलही तिनंच धरली, इतक्या वर्षांत बघून बघून शिकली होती. घड्याळ मी घेतलं. सूर आला. मी म्हणू लागले, पाच, दहा, पंधरा. बाहेरच्या खोलीत पाळण्यात पोर उठलं आणि रडायला लागलं. भुकेलं होतं. माझं दूध आतल्या आत उतरलं, चोळी भिजली. मी म्हणत राहिले. वीस, पंचवीस, तीस. पोर टाहो फोडू लागलं. नवरा त्याला घेऊन दाराशी आला आणि उंबऱ्यावरच थांबला, कारण या घरात पास चालू असताना कुणी आत येत नाही, हे त्यालाही कुणीतरी सांगितलं असणार. मी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, पस्तीस.

आईनं हेडफोन कानावरून ओढून काढला. माझ्याकडं बघितलं, माझ्या भिजलेल्या चोळीकडं बघितलं, दारातल्या पोराकडं बघितलं.

"पोरगं रडालंय. ऐकू येईना तुला?"

"पास चुकेल की गं आई."

हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि तिनं कुणीतरी मारल्यासारखे डोळे मिटले. मग माझ्या हातातलं घड्याळ काढून घेतलं.

"ऊठ," ती म्हणाली. "पाज त्याला. आणि संध्याकाळच्या गाडीनं घरी जा. तुझा शब्द मी घेतला. मी ऐकतो."

"आई, दादा न्हाय गं त्यात."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. तिच्या आवाजात चीड होती, रडू नव्हतं. "खुळी हाय काय मी? तो न्हाय तिथं. पण ते एकटंच बोलालंय वर. कुणीतरी ऐकाय नको?"

तिनं हेडफोन पुन्हा कानाला लावला, आमच्याकडं पाठ केली आणि पाच, दहा, पंधरा असं स्वतःशीच म्हणू लागली. आता लिहून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती म्हणत होती. मी कॉटवर बसून पोराला पाजलं.

संध्याकाळची वडगावची एस.टी. गच्च भरली होती. नवरा बोचकी घेऊन मागं दांड्याला धरून उभा राहिला. मला एका म्हातारीनं सरकून जागा दिली. पंचगंगेचा पूल लागला. खिडकीतून नदी दिसत होती, नेहमीसारखी. मी मोकळी झाले होते. आता कुणाची वेळ सांभाळायची नव्हती, कुणाचं येणं-जाणं बघायचं नव्हतं. आणि मला जोराचा हुंदका आला. मी आवरायला गेले तसा दुसरा आला. इतकी वर्षं मी दादाची चाकरी केली होती, त्याच्यावर दात खाल्ले होते, बंद पड म्हणून त्याला शिव्याशाप दिले होते. त्याच्यासाठी रडले मात्र एकदाही नव्हते. तो रोज यायचा, मग रडायचं कशाला?

म्हातारी वाकून बघायला लागली. "काय झालं गं पोरी? माहेर सुटलं म्हणून व्हय?"

"माझा भाऊ गेला," मी म्हणाले.

"आगं बाई! कवा?"

मला सांगता येईना. तिनं पुन्हा विचारलं नाही. बाळ माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं, पदरानं त्याचं तोंड वाऱ्यापासून झाकलं आणि म्हणाली, "रड तू. मी धरतो ह्याला."